टेबलावरच्या टोप्या : अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधली भरती आणि तिचे भाकीतकार



एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आज आपण ज्या फुटबॉलबद्दल बोलणार आहोत तो मेस्सीचा फुटबॉल नव्हे. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड, लांबट चेंडू, आणि चेंडूला पायाचा स्पर्श फारच क्वचित, असा तो अमेरिकी फुटबॉल. त्यातही व्यावसायिक नव्हे, कॉलेजांचा. खेळाचे नियम आज समजावून घ्यायचे नाहीत, कारण आपला विषय मैदानाबाहेरचा आहे. सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा शाळा संपल्यावर कुठल्या कॉलेजात जाणार, याचा अंदाज लाखो मोठी माणसं दिवसरात्र का बांधत असतात, कसा बांधतात, आणि त्या अंदाजांचं पुढे काय होतं, एवढाच आपला प्रश्न.

चित्र डोळ्यांसमोर आणा. शाळेचं जिमखान्यासारखं सभागृह. एक लांब टेबल, त्यावर पांढरं कापड, आणि त्यावर ओळीने तीन किंवा चार टोप्या. प्रत्येक टोपीवर एकेका विद्यापीठाचं चिन्ह. टेबलामागे मुलगा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील किंवा आजी, मागे शाळेचे प्रशिक्षक. समोर कॅमेरे. मुलगा आधी देवाचे, मग घरच्यांचे आभार मानतो, हात एका टोपीकडे नेतो, मुद्दाम दुसरीकडे वळवतो, आणि शेवटी एक उचलून डोक्यावर घालतो. सभागृहात आरडाओरडा. त्याच क्षणी शेकडो मैल दूर एका राज्यात लोक उड्या मारत असतात आणि दुसऱ्या राज्यात टीव्ही बंद करत असतात. २०११ साली जॉर्जियाच्या आयझेया क्राउल नावाच्या धावपटूने टोपी वगैरे न उचलता टेबलाखालून बुलडॉगचं जिवंत पिल्लूच वर काढलं, कारण जॉर्जिया विद्यापीठाचं चिन्ह बुलडॉग. म्हणजे हा समारंभ कुठल्या थराला जातो ते बघा.

आता पहिला प्रश्न तुमच्या मनात येईल तो असा, की एवढं काय त्यात? मुलगा कॉलेजात चाललाय, जाऊ द्या की.

याचं उत्तर या खेळाच्या रचनेत आहे. आपल्याकडे आयपीएलचा संघ खेळाडू लिलावात विकत घेतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये ड्राफ्ट असतो, म्हणजे मागच्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला नव्या खेळाडूंमधून पहिली निवड करायला मिळते. कॉलेज फुटबॉलमध्ये यातलं काहीच नाही. लिलाव नाही, ड्राफ्ट नाही. निवड संघ करत नाही, मुलगा करतो. वरच्या पातळीवर सुमारे १३५ विद्यापीठं आहेत आणि सगळ्यांचे प्रशिक्षक त्याच त्या मुलांच्या घरी जाऊन सोफ्यावर बसतात, आईच्या हातचं जेवतात आणि विनवणी करतात. ज्याच्याकडे चांगली मुलं आधीच आहेत त्याच्याकडे आणखी चांगली मुलं येतात. दुबळ्याला आपोआप हात देणारी व्यवस्थाच नाही. अलाबामाचे माजी प्रशिक्षक निक सेबन यांनी तिथे सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यामागे त्यांची डावपेचांची हुशारी होतीच, पण २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षं त्यांच्या भरतीच्या तुकडीला देशात पहिला क्रमांक मिळत होता, हेही तितकंच खरं. तेव्हा चाहत्याच्या दृष्टीने भरती म्हणजे पुढच्या तीन-चार वर्षांचं भविष्य. सामने ऑगस्टअखेरपासून जानेवारीपर्यंत. उरलेल्या महिन्यांत त्याला खायला काय आहे? भरतीच्या बातम्या.

देशभर शाळांमधून दरवर्षी सुमारे दहा लाख मुलं हा खेळ खेळतात. त्यातली वरच्या गटाच्या कॉलेजांत खेळायला मिळणारी शंभरात तिघांच्या आसपास. आणि ज्यांच्या टोपीकडे देशाचं लक्ष असतं अशी तर मूठभर.

ही मूठभर ठरवतं कोण? इथे येतात तारे. भरतीच्या बातम्या देणाऱ्या काही कंपन्या आहेत. रिव्हल्स, टू-फोर-सेव्हन स्पोर्ट्स, ऑन-थ्री, शिवाय ईएसपीएन. यांची माणसं शाळांचे सामने बघतात, उन्हाळी शिबिरांत घड्याळ घेऊन उभी राहतात, चित्रफिती तपासतात आणि प्रत्येक मुलाला दोन ते पाच तारे देतात. पंचतारांकित मुलं दरवर्षी साधारण तीसेक. टू-फोर-सेव्हनने तर हा आकडा बत्तीसच्या आसपास ठेवण्यामागचं कारणही सांगितलं आहे. व्यावसायिक ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत बत्तीस निवडी असतात, त्याचंच हे प्रतिबिंब. म्हणजे तारे हे मुलगा आज कसा खेळतो याचं प्रमाणपत्र नाही. तो चार वर्षांनी कुठे असेल याचं ते भाकीत आहे. चाहते जे भाकीत करतात ते या भाकिताच्या डोक्यावर उभं असतं, हे लक्षात ठेवा.

हे तारे खरे ठरतात का? सरासरीने ठरतात. एकेका मुलाच्या बाबतीत मात्र धडाधड चुकतात. जॉश ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या शेतीच्या गावातला. शाळा संपली तेव्हा वरच्या पातळीवरच्या एकाही विद्यापीठाने त्याला बोलावलं नाही. तो दोन वर्षांच्या एका छोट्या कॉलेजात गेला, तिथून शेकडो प्रशिक्षकांना ईमेल पाठवले, आणि वायोमिंगने हात पुढे केला. २०२४ च्या हंगामात तो व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पॅट्रिक माहोम्स तीन ताऱ्यांचा होता. यावर कुणी म्हणेल, मग तारे निरर्थक. तसं नाही हं. तीन ताऱ्यांची मुलं हजारांनी असतात, त्यामुळे त्यातून काही माहोम्स निघणारच. पंचतारांकित तीस मुलांमधून पुढे व्यावसायिक होणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी मोठं असतं. संख्या आणि प्रमाण यांची गल्लत इथे रोज होते.

आता शब्द समजून घेऊ, कारण सगळा गोंधळ शब्दांतून सुरू होतो. मुलगा जेव्हा जाहीर करतो की मी अमुक विद्यापीठात जाणार, तेव्हा म्हणतात तो ‘कमिट’ झाला. पण हा नुसता तोंडी शब्द. याला कायद्याचं काही बंधन नाही, मुलावरही नाही आणि विद्यापीठावरही नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पाहण्याचा कार्यक्रम झाला, पसंती कळवली, सुपारी फुटली, पण अक्षता पडायच्या आहेत. अक्षता पडतात त्या सह्यांच्या दिवशी. पूर्वी हा दिवस एकच असे, फेब्रुवारीतला पहिला बुधवार. २०१७ पासून डिसेंबरात एक आधीचा मुहूर्त काढला, आणि आता बहुतेक सगळ्या सह्या त्यातच उरकतात. १९६४ पासून या सह्या ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाच्या कागदावर होत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो कागदच रद्द झाला आणि आता आर्थिक मदतीच्या करारावर सही होते. समारंभ मात्र आहे तसाच आहे.

सुपारी आणि अक्षता यांच्यामधला काळ कधी दोन महिने, कधी दोन वर्षं. या काळात मुलगा शब्द मागे घेऊ शकतो. एकीकडचा शब्द मोडून थेट दुसरीकडे गेला तर त्याला ‘फ्लिप’ म्हणतात. रूबेन फॉस्टर नावाच्या मुलाने आधी अलाबामाला शब्द दिला, मग तो मोडून कट्टर वैरी ऑबर्नला दिला, एवढंच नव्हे तर हातावर ऑबर्नचं गोंदण करून घेतलं. आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये सही केली अलाबामाकडे. गोंदण हातावर तसंच. या एका उदाहरणाने चाहत्यांची एक पिढी शहाणी व्हायला हवी होती. झाली नाही.

मग अंदाज बांधतात तरी कशावरून?

सगळ्यात भक्कम आधार आहे अंतराचा. मुलगा घरापासून किती लांब जाईल? २००८ साली ‘जर्नल ऑफ स्पोर्ट्स इकॉनॉमिक्स’मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी याच निर्णयाचं गणित मांडलं होतं. त्यात घरापासूनचं अंतर आणि संघाची अलीकडची कामगिरी यांसारख्या साध्या, उघड गोष्टींवरून मुलाची निवड बऱ्यापैकी ओळखता येते असं दिसलं. यात नवल काही नाही. आईवडिलांना शनिवारी गाडी काढून सामना बघायला जाता आलं पाहिजे, ही अमेरिकेतल्या घरांचीही इच्छा असते. तेव्हा तुम्हाला कुणी एखाद्या अनोळखी मुलाबद्दल विचारलं आणि त्याच्याबद्दल काहीच माहिती नसेल, तर घराजवळच्या मोठ्या, जिंकणाऱ्या विद्यापीठाचं नाव घ्या. रोज बातम्या चघळणाऱ्यांपेक्षा तुम्ही फार मागे राहणार नाही.

पण चाहत्याला यात मजा नाही. त्याला खुणा हव्या असतात. मुलगा कुठे भेटीला गेला? अधिकृत भेट ४८ तासांची असते, खर्च विद्यापीठाचा. पूर्वी मुलाला अशा पाचच भेटी मिळत, २०२३ मध्ये ही मर्यादा काढली. शेवटची भेट कुठे दिली याला फार महत्त्व देतात, कारण ताज्या आठवणीचं वजन जास्त. आई सोबत होती की नाही, हे तर त्याहून महत्त्वाचं. आई दुसऱ्यांदा गेली म्हणजे प्रकरण गंभीर. त्याच्या जागेवर सध्या कोण खेळतो, तो कधी बाहेर पडणार, म्हणजे मुलाला पहिल्या वर्षी मैदानात उतरायला मिळेल का. त्याला गळ घालणारा प्रशिक्षक नोकरी बदलतोय का. त्याचा शाळेतला जिवलग मित्र कुठे गेला. इथपर्यंत ठीक. या खऱ्या खुणा आहेत, यांना कारण आहे.

यापुढे सुरू होतो तो निव्वळ शकुन-अपशकुनाचा प्रांत. मुलाने फोटोत कुठल्या रंगाचा टीशर्ट घातला. समाजमाध्यमांवर कुठल्या प्रशिक्षकाला फॉलो करणं बंद केलं. कुणाच्या पोस्टला मध्यरात्री बदाम दिला. पालीच्या चुकचुकण्यावरून आणि डोळा फडफडण्यावरून अर्थ काढण्याची आपल्याकडची परंपरा मोठी, पण हे लोक आपल्याला मागे टाकतील.

आर्च मॅनिंगचं प्रकरण या दृष्टीने मोठं गमतीदार. काका पेटन आणि ईलाय, दोघेही व्यावसायिक लीगचे विजेते क्वार्टरबॅक. आजोबा आर्ची, मिसिसिपी विद्यापीठाचे दैवत. म्हणजे या पोराच्या पत्रिकेत सगळे ग्रह उच्चीचे. पण घराण्याला प्रसिद्धीची पुरेपूर सवय असल्यामुळे त्यांनी तोंड घट्ट मिटून ठेवलं. मुलगा समाजमाध्यमांवर जवळजवळ नव्हताच, मुलाखती मोजक्या. खुणाच नाहीत म्हटल्यावर लोकांनी शांततेचेच अर्थ काढले. आजोबांचं विद्यापीठ, म्हणून मिसिसिपी. विजेता संघ, म्हणून जॉर्जिया. सेबन आहेत, म्हणून अलाबामा. २३ जून २०२२ रोजी त्याने एका ओळीत टेक्सासचं नाव लिहिलं आणि विषय संपवला. टोपी नाही, टेबल नाही. आमच्या मते या सगळ्या तमाशात शोभून दिसलेलं हे एक घर.

आता व्यावसायिक भाकीतकारांकडे येऊ. टू-फोर-सेव्हनने ‘क्रिस्टल बॉल’ नावाची सोय काढली. त्यात त्यांचे वार्ताहर प्रत्येक मुलाच्या नावापुढे आपला अंदाज नोंदवतात, किती खात्री आहे तेही लिहितात, आणि प्रत्येकाची यशाची टक्केवारी जाहीर दिसते. रिव्हल्सकडे फ्यूचरकास्ट आलं, ऑन-थ्रीने संगणकाचं यंत्रच बसवलं. दरमहा साधारण दहा डॉलर भरणारे वर्गणीदार या अंदाजांसाठीच पैसे देतात. एखाद्या नावाजलेल्या वार्ताहराने अंदाज बदलला तर तीच बातमी होते. म्हणजे मुलाने काही केलेलं नाही. मुलगा काय करेल याबद्दल एका माणसाचं मत बदललं, ही बातमी!

या टक्केवाऱ्या ऐंशी-नव्वदच्या घरात दिसतात तेव्हा आपण थक्क होतो. पण मोजतात कसं ते बघा. अंदाज शेवटपर्यंत बदलता येतो. समजा एका वार्ताहराने शंभर मुलांबद्दल अंदाज दिले. त्यातल्या साठ जणांचा निर्णय आठवडाभर आधीच मित्रांना, प्रशिक्षकांना, सगळ्या गावाला माहीत झालेला. हा वार्ताहर शेवटच्या दिवशी आपला अंदाज तिकडे वळवतो. साठपैकी साठ बरोबर. उरलेल्या चाळीस खऱ्या कोड्यांपैकी त्याची निम्मीच बरोबर आली, म्हणजे वीस. एकूण शंभरात ऐंशी! कागदावर तो त्रिकालज्ञानी, आणि खऱ्या कोड्यांत छापा-काटा. हे आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत, पण गोम इथेच असते. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी दुपारी बारा वाजता ‘मी म्हणालोच होतो’ म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत. भाकीत कुणाचं बरोबर आलं हे विचारण्याआधी ते केव्हा केलं होतं हे विचारायला हवं.

आणखी एक गोष्ट, जी चाहते सोयीने विसरतात. ही आतली माहिती येते कुठून? वार्ताहराला सांगतं कोण? बहुतेक वेळा ज्यांचा स्वार्थ गुंतला आहे तीच माणसं. विद्यापीठाचा कर्मचारी सांगतो की अमुक मुलगा आमच्याकडे येतोय, कारण ती बातमी पसरली की त्याच जागेवर खेळणारा प्रतिस्पर्धी विद्यापीठाचा मुलगा अस्वस्थ होतो, आणि आपल्याकडच्या दुसऱ्या मुलाला वाटतं, चला, इथे चांगली मंडळी जमतायत. मुलाच्या बाजूचा मामा-काका सांगतो की दुसरीकडूनही जोरात बोलणी चालू आहेत, कारण मग पहिल्याची बोली वाढते. म्हणजे अंदाज हा नुसता आरसा राहत नाही. तो बाजारात उतरतो आणि भाव हलवतो. पक्षाच्या तिकीटवाटपाच्या आधी कुणाची नावं कोण पेपरात पेरतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि तरीही, सगळे मिळून कधी कधी असे तोंडघशी पडतात की बघत राहावं. १५ डिसेंबर २०२१. ट्रॅव्हिस हंटर, जॉर्जियातल्या कॉलिन्स हिल शाळेचा, त्या वर्षीच्या देशातल्या पहिल्या एक-दोन क्रमांकांतला मुलगा. मार्च २०२० पासून म्हणजे पावणेदोन वर्षं त्याने फ्लोरिडा स्टेटला शब्द दिलेला. त्या दिवशी त्याने टोपी उचलली ती जॅक्सन स्टेटची. मिसिसिपीतलं हे ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ खालच्या गटात खेळणारं, आणि एवढा मोठा मुलगा कधी तिकडे गेलेला नव्हता. तिथले प्रशिक्षक कोण, तर डिऑन सँडर्स, स्वतः फ्लोरिडा स्टेटचा सगळ्यात लाडका माजी खेळाडू! घरच्याच माणसाने सून पळवावी तसं झालं. अंतराचं गणित, तारे, भेटी, क्रिस्टल बॉल, कशातच हे बसत नव्हतं. हंटर पुढे सँडर्स यांच्याबरोबर कोलोराडोला गेला आणि २०२४ चा हाइझमन पुरस्कार घेऊन बाहेर पडला.

घरातल्या घरात काय चालतं त्याचीही एक झलक सांगतो. जानेवारी २०१२ मध्ये लुइझियानाच्या लँडन कॉलिन्सने थेट प्रक्षेपणात अलाबामाची निवड जाहीर केली. शेजारी बसलेल्या आईचा चेहरा पडला. तिला घराजवळचं एलएसयू हवं होतं, आणि तिने ते कॅमेऱ्यासमोर सांगितलंही. पुढच्या वर्षी फ्लोरिडातल्या ॲलेक्स कॉलिन्सने आर्कान्सा निवडलं, तर सहीच्या दिवशी कागद आईच्या हातात गेला आणि आई कागद घेऊन निघून गेली असं सगळीकडे छापून आलं. अल्पवयीन मुलाच्या सहीबरोबर पालकाची सही लागते ना! दुसऱ्या दिवशी वडिलांनी सही केली. लोक हसले. आम्हाला मात्र यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. मुलगा हजार-दीड हजार मैलांवर चाललाय, खेळ हाडं मोडणारा आहे, आणि गुडघा गेला तर त्या परक्या गावात त्याच्याकडे कोण बघणार हा प्रश्न त्या सभागृहात आईशिवाय कुणालाच पडलेला नसतो.

इथून आपण पैशाकडे येतो. अनेक दशकं नियम असा होता की कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे छदामही मिळता कामा नये. टेबलाखालून पैसे फिरत नव्हते असं नाही. १९८७ मध्ये डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा अख्खा हंगाम याच कारणाने रद्द केला गेला, आणि ते विद्यापीठ त्यातून सावरायला कित्येक वर्षं गेली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर, छबीवर पैसे कमावायची मोकळीक मिळाली. जुलै २०२५ पासून तर एका न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, सगळ्या खेळांची मिळून. त्यामुळे अंदाजाच्या खेळात आता नवा मोठा ग्रह आला. २०२४ च्या जानेवारीत मिशिगनमधल्या ब्राइस अंडरवूडने एलएसयूला शब्द दिला होता. नोव्हेंबरात तो घराजवळच्या मिशिगन विद्यापीठाकडे वळला. एक कोटी डॉलरहून मोठ्या रकमेच्या बातम्या आल्या. आता यात घराची ओढ किती आणि पैशाची किती, हे बाहेरून कोण सांगणार? चाहता मात्र छातीठोकपणे सांगतो. आपल्याकडे आला तर निष्ठा, दुसरीकडे गेला तर पैसा.

या पैशाची दुसरी बाजू जेडन रशादाच्या प्रकरणात दिसते. कॅलिफोर्नियाचा क्वार्टरबॅक. जून २०२२ मध्ये मायामीला शब्द, नोव्हेंबरात फ्लोरिडाकडे फ्लिप, डिसेंबरात सही. चाहत्यांनी जल्लोष केला. त्याला १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलर देऊ केले होते, असं पुढे त्यानेच न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात म्हटलं आहे. ते पैसे काही आले नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये तो करारातून मोकळा झाला आणि ॲरिझोना स्टेटला गेला, तिथून जॉर्जियाला. मे २०२४ मध्ये त्याने फ्लोरिडाच्या प्रशिक्षकांसह काही जणांवर दावा ठोकला. ज्या आठवड्यांत तो आणि त्याचं घर या कागदांत अडकलं होतं, त्याच आठवड्यांत बाहेर तो कुठे जाणार याच्या पैजा लागत होत्या. कारण कुणालाच माहीत नव्हतं, अंदाज मात्र सगळ्यांकडे होते.

चाहत्याने नुसता अंदाज बांधावा, मुलाला गाठू नये, असा संकेतच नव्हे तर नियम आहे. विद्यापीठाचा हितचिंतक म्हणून कुणी मुलाला भरतीसाठी गळ घातली तर त्याचा ठपका विद्यापीठावर येऊ शकतो. २००९ साली नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या एका पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने जॉन वॉल नावाच्या बास्केटबॉलपटूने आपल्याकडे यावं म्हणून फेसबुकवर गट काढला. विद्यापीठानेच त्याला हे थांबव असं पत्र धाडलं. आज ते वाचून हसू येतं, कारण आता प्रत्येक मोठ्या मुलाच्या पोस्टखाली हजारो अनोळखी लोक ‘आमच्याकडे ये’ म्हणत असतात, आणि तो दुसरीकडे गेला की त्यातलेच काही असं लिहितात की ते इथे उच्चारता यायचं नाही. सतरा वर्षांच्या पोराला! बरं, लिहिणारे पन्नाशीचे. एरवी शेजारच्या घरातल्या मुलाला हे लोक असं बोलले असते का?

आणि या सगळ्या झगमगाटाचं वजन ज्याच्याकडे कुणीच वळून बघत नाही त्याच्यावर काय पडतं? २००८ च्या फेब्रुवारीत नेवाडा राज्यातल्या फर्नली या छोट्या गावात शाळेच्या जिममध्ये असाच समारंभ झाला. कॅमेरे आले, सगळी शाळा जमली. मुलाने दोन टोप्यांपैकी कॅलिफोर्नियाच्या बर्कलीची टोपी निवडली. दुसरी होती ओरेगनची. थोड्याच दिवसांत उघड झालं की या दोन्ही विद्यापीठांनी त्याला कधी बोलावलंच नव्हतं. मुलाने सगळं मनानेच रचलं होतं, आणि पुढे तसं कबूलही केलं. त्याचं नाव आम्ही घेत नाही. त्या वेळी देशभर टर उडवली गेली. पण ज्या गावात टोपी उचलणारा मुलगा म्हणजे सगळ्यात मोठा माणूस, तिथे टोपी न मिळणाऱ्या मुलाला काय वाटत असेल, हे विचारायला टर उडवणाऱ्यांना वेळ नव्हता.

आता प्रश्न घेऊ.

एक श्रोते विचारतात, की मुलाने टोपी घातली म्हणजे तरी नक्की ना? नाही. २० डिसेंबर २०२३ ला जेरेमाया स्मिथ, त्या वर्षीचा पहिल्या क्रमांकाचा मुलगा, त्याने दुपारी ओहायो स्टेट जाहीर केलं. पण सही केलेला कागद विद्यापीठाकडे पोहोचेना. तास गेले. फ्लोरिडातली विद्यापीठं अजून मागे लागलेली आहेत अशी कुजबुज. ओहायोचे चाहते दिवसभर पाण्याबाहेरच्या माशासारखे. कागद पोहोचला तो संध्याकाळी.

दुसरा प्रश्न, सही झाली की मग तरी सुटका? तीही आता नाही. २०१८ पासून ‘ट्रान्सफर पोर्टल’ आहे, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची अधिकृत यादी. २०२१ पासून एकदा, आणि २०२४ पासून अभ्यासात ठीक असेल तर कितीही वेळा, एकही हंगाम न गमावता बदलता येतं. त्यामुळे अंदाजाचा धंदा आता बारमाही झालाय. जो मुलगा सतराव्या वर्षी गेला नाही, तो एकोणिसाव्या वर्षी येईल या आशेवर लोक जुन्या टोप्या जपून ठेवतात.

शेवटचा प्रश्न, आपल्यातलं कुणी या टेबलामागे बसलंय का? मराठी नाव आम्हाला सांगता येणार नाही. पण वडिलांकडून भारतीय असलेला ब्रँडन चिलर यूसीएलएकडून खेळला, २००४ च्या ड्राफ्टमध्ये सेंट लुईसने त्याला घेतलं, आणि पुढे तो ग्रीन बे पॅकर्सकडे होता. २०११ मध्ये भारतात या खेळाची लीग काढायचं ठरलं तेव्हा पैसे घालणाऱ्यांत तोही होता. त्या लीगमध्ये पुण्याचा एक संघ होता, नाव पुणे मराठाज. तिथे कोण खेळायला जाणार याचे अंदाज बांधताना मात्र कुणी दिसलं नाही.